मूळ प्रतीपर्यंतची वाट

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी माहिती साठवणारे एक मोठे केंद्र आहे. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री तिथे लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी संगणक-यंत्रणा बंद कराव्या लागल्या. त्यांतल्या बऱ्याच पुढच्या आठवड्यांत हळूहळू सुरू झाल्या. एक मात्र गेली ती गेलीच. तिचे नाव ‘जी-ड्राइव्ह’. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपल्या कामाची कागदपत्रे ठेवावीत म्हणून केलेला हा सामाईक साठा. ८५८ टेराबाइटांचा. सुमारे सव्वा लाख कर्मचारी तो वापरत होते, आणि तिथल्या मनुष्यबळ व्यवस्थापन मंत्रालयाने तर सगळे कागद तिथेच ठेवायचे असा दंडकच घातला होता. त्या मंत्रालयाचे नुकसान अर्थातच सर्वांत जास्त झाले.

या साठ्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. का नव्हती, याचे अधिकाऱ्यांनी दिलेले उत्तर थोडक्यात असे: साठा फार मोठा होता आणि त्याची यंत्रणा मंदगतीची होती, त्यामुळे बाहेर प्रत ठेवणे शक्य झाले नाही. ऐकताना ही सबब वाटते. पण ज्याने कधी संगणकीय साठ्याची नक्कल काढण्याचे काम केले आहे, त्याला या उत्तरात एक खरी अडचण ओळखू येईल. प्रत ठेवायला जागा मिळते. आजकाल स्वस्तातही मिळते. अडते ते मूळ प्रतीपासून त्या जागेपर्यंत जाण्याच्या वाटेवर. ती वाट किती रुंद आहे, कुणाच्या अंगणातून जाते, आणि त्या वाटेने येणाऱ्याच्या हाती आपण किती अधिकार देतो, या तीन प्रश्नांभोवती बॅकअपचे सगळे शास्त्र फिरते. या लेखात त्यातल्या एकाच वाटेचा शोध घ्यायचा आहे: व्हर्च्युअल मशीनचा साठा आणि बॅकअपचे उपकरण यांना काचेच्या तंतूने जोडणारी वाट.

आधी व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते पाहू. जुन्या पुण्यातला वाडा डोळ्यांसमोर आणा. वाडा एक, बिऱ्हाडे वीस. प्रत्येक बिऱ्हाडाचे दार वेगळे, चूल वेगळी, भांडण वेगळे. पाया, विहीर आणि छप्पर मात्र सामाईक. एका दणकट सर्व्हरवर असेच वीस-तीस संगणक राहतात. त्या वाड्याला या धंद्यात ‘होस्ट’ म्हणतात. बिऱ्हाडातल्या प्रत्येक संगणकाला वाटते की आपण स्वतंत्र यंत्र आहोत, आपल्याला आपली हार्ड डिस्क आहे. वास्तविक ती ‘हार्ड डिस्क’ म्हणजे एक भलीमोठी फाइल असते. १९९८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने २००१ मध्ये सर्व्हरसाठीचे आपले उत्पादन बाजारात आणले आणि पुढच्या दशकभरात बँका, इस्पितळे, विमा कंपन्या, विद्यापीठे अशा सगळ्यांचे संगणक एकेका वाड्यात राहायला गेले.

या फायली होस्टच्या पोटात ठेवत नाहीत. होस्ट बंद पडला तर सगळीच बिऱ्हाडे उघड्यावर येतील. म्हणून त्या बाहेर, स्टोरेज अ‍ॅरे नावाच्या वेगळ्या कपाटात ठेवतात आणि अनेक होस्ट त्या कपाटाला एकाच वेळी जोडलेले असतात. एक वाडा कोसळला तर दुसरा वाडा त्याच फायली उघडून तीच बिऱ्हाडे काही मिनिटांत पुन्हा मांडतो. होस्ट आणि कपाट यांना जोडणाऱ्या खास जाळ्याला ‘सॅन’ म्हणतात आणि मोठ्या संस्थांत ते बहुधा ‘फायबर चॅनेल’ या पद्धतीचे असते. या नावात एक गंमत आहे. इंग्रजीत तंतूला एरवी अमेरिकन लोक ज्या स्पेलिंगने लिहितात ते इथे मुद्दाम टाळले आहे आणि ब्रिटिश स्पेलिंग घेतले आहे, कारण ही पद्धत तांब्याच्या तारेवरही चालते हे समितीला सुचवायचे होते. देवनागरीत हा भेद दिसत नाही. आपल्याला एकच ‘फायबर’ पुरते.

वाड्याची ही सोय बॅकअपच्या मुळावर आली. प्रत्येक संगणक वेगळा होता तेव्हा त्याची बरीचशी ताकद रिकामी पडून असे. रात्री त्याच्यातच बसवलेला एक छोटा प्रोग्रॅम सगळ्या फायली वाचून ऑफिसच्या नेटवर्कवरून बॅकअप सर्व्हरकडे पाठवी आणि कुणाला त्रास होत नसे. पण ती रिकामी ताकद वापरात आणण्यासाठीच तर वीस संगणक एका होस्टवर आणले होते! आता रात्री दोन वाजता वीसही बिऱ्हाडांनी आपापला संसार पोत्यात भरून एकाच बोळातून बाहेर काढायला सुरुवात केली, तर वाड्याचे काय होईल? तेच होस्टचे होऊ लागले.

थोडे गणित करू. सेकंदाला एक गिगाबिट वाहणाऱ्या साध्या नेटवर्कवरून प्रत्यक्षात सुमारे ११० मेगाबाइट जातात. दहा टेराबाइटांचा साठा, म्हणजे मध्यम आकाराच्या संस्थेचा, त्या वाटेने न्यायला पंचवीस तास लागतात. रात्र पंचवीस तासांची नसते. तोच साठा १६ गिगाबिटच्या फायबर चॅनेलवरून, सेकंदाला १,६०० मेगाबाइट या वेगाने, पावणेदोन तासांत जाऊ शकतो. देजॉनच्या ८५८ टेराबाइटांना हाच हिशेब लावला तर पहिल्या वाटेने तीन महिने लागतात आणि दुसरीने सहा-सव्वासहा दिवस. हे अर्थात कागदावरचे गणित आहे. दोन्ही टोकांच्या डिस्का त्या वेगाने चालल्या तरच ते खरे. मंद यंत्रणेचे दुखणे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले ते याच जागचे. पण एवढे खरे की ‘फार मोठे’ हा शब्द वाटेच्या मापावर अवलंबून आहे.

फायबर चॅनेलवर काम १९८८ मध्ये सुरू झाले आणि १९९४ मध्ये त्याला अमेरिकेच्या मानक संस्थेची मान्यता मिळाली. त्याचा स्वभाव नेहमीच्या नेटवर्कपेक्षा वेगळा आहे. साधे नेटवर्क गर्दी झाली की पाकिटे टाकून देते. हरवले तर पुन्हा पाठवा, असा त्याचा बेफिकीर कारभार. डिस्कला हे चालत नाही. म्हणून फायबर चॅनेलमध्ये घेणारा आधी सांगतो की माझ्याकडे इतकी पाकिटे ठेवायला जागा आहे, आणि पाठवणारा तेवढीच पाठवतो. एक उचलले गेले की पुढच्याला परवानगी. पंगतीत वाढप्याने रिकामे पान पाहूनच वाढावे तसे. त्यामुळे काही सांडत नाही. मात्र एखादा जेवणारा फारच सावकाश जेवत असेल तर त्याच्यामागे सगळी पंगत खोळंबते, आणि सॅन सांभाळणाऱ्यांच्या निम्म्या डोकेदुख्या याच जातीच्या असतात.

आता या जाळ्याला बॅकअपचे उपकरण जोडायचे. उपकरण म्हणजे डिस्कांनी भरलेला, बॅकअपचे सॉफ्टवेअर आधीच घालून आलेला एक सर्व्हर. त्याच्या पाठीमागे फायबर चॅनेलची कार्डे असतात. कार्डाच्या प्रत्येक तोंडाला जन्मापासून एक चौसष्ट बिटांचा क्रमांक चिकटलेला असतो. तो जगात दुसऱ्या कुणाचा नसावा असा संकेत आहे. हा सोळा अक्षरांचा क्रमांक या जगातले खरे नाव. तंतू स्विचमध्ये खोचला म्हणून काहीच दिसू लागत नाही. स्विचवर ‘झोन’ आखावा लागतो: या क्रमांकाच्या तोंडाने त्या क्रमांकाच्या तोंडाशी बोलायला हरकत नाही. मग स्टोरेजच्या कपाटावर दुसरी नोंद करावी लागते: या पाहुण्याला डिस्कचे अमुक अमुक तुकडे दाखवा, बाकीचे झाका. या तुकड्यांना ‘लन’ म्हणतात. झोनने गल्ली मोकळी होते, दुसऱ्या नोंदीने खोलीचे दार उघडते. दोन्ही नोंदी बहुधा दोन वेगळी माणसे करतात, आणि सोळा अक्षरांतले एक चुकले की दोघेही आपापले बरोबर असल्याची खात्री देत अर्धा दिवस घालवतात.

दार उघडल्यावर पुढची अडचण समोर येते. उपकरणाला लन दिसतो, पण त्यातले काही कळत नाही. व्हीएमवेअरने त्या तुकड्यावर स्वतःची मांडणी केलेली असते, अनेक होस्टना एकाच वेळी वाचता-लिहिता यावे म्हणून. उपकरणाच्या दृष्टीने ती मोडीतली वही आहे आणि त्याला फक्त बाळबोध येते. मग ते काय करते? व्यवस्थापकाच्या संगणकाला नेहमीच्या नेटवर्कवरून विचारते: अमुक मशीनची फाइल या तुकड्यावर कुठे कुठे पसरली आहे? उत्तरादाखल एक नकाशा मिळतो, अमुक जागेपासून अमुक लांबीपर्यंत. तो हातात घेऊन उपकरण थेट डिस्कवरून ते ठोकळे उचलते. विचारपूस कचेरीत करायची आणि माल मात्र मागच्या दाराने कोठारातून न्यायचा, असा हा व्यवहार. होस्टला त्याचा जवळजवळ पत्ता लागत नाही. ऑफिसच्या नेटवर्कवरून फक्त नकाशा जातो. दहा टेराबाइट काचेतून जातात.

२००६ मध्ये व्हीएमवेअरने ही कल्पना प्रथम दिली तेव्हा ती ओबडधोबड होती. मधल्या एका सर्व्हरवर सगळ्या फायली आधी उतरवून घ्यायच्या, मग बॅकअपच्या सॉफ्टवेअरने त्या तिथून उचलायच्या. नकलेची नक्कल. २००९ मध्ये आलेल्या नव्या व्यवस्थेने हा मधला मुक्काम काढून टाकला.

पण चालू मशीनची प्रत काढायची कशी? तुम्ही वाचत असताना ती लिहीतच आहे. पान दहा वाचले तेव्हा एका खात्यातून पैसे गेलेले नव्हते, पान नव्वद वाचेपर्यंत दुसऱ्या खात्यात जमा झाले. अशा प्रतीत पैसे आकाशातून पडलेले दिसतील. यावरचा उपाय प्रकाशन व्यवसायातल्या माणसाला चटकन समजेल. मूळ फाइल एका क्षणी गोठवतात. त्यानंतरचे सगळे बदल एका वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. छापून झालेल्या पुस्तकाला हात न लावता शुद्धिपत्र वाढवत न्यावे तसे. मशीन स्वतः वाचताना आधी शुद्धिपत्र पाहते, तिथे नोंद नसेल तर मूळ पान. उपकरण मात्र निवांतपणे गोठलेले पुस्तक उतरवून घेते. याला स्नॅपशॉट म्हणतात. गोठवण्याच्या आधी मशीनमधल्या डेटाबेसला एक इशाराही देतात, की हातातले वाक्य पुरे कर आणि लेखणी क्षणभर खाली ठेव.

नक्कल झाली की शुद्धिपत्रातल्या सगळ्या दुरुस्त्या मूळ पुस्तकात भरून शुद्धिपत्र नष्ट करायचे असते. इथे वाटेची रुंदी पुन्हा महत्त्वाची ठरते. नक्कल जितकी रेंगाळेल तितके शुद्धिपत्र फुगते, आणि मग ते मुळात मिसळताना मशीन अडखळते. एखाद्या रात्री उपकरण मध्येच बंद पडले आणि शुद्धिपत्र तसेच राहिले तर ते दिवसेंदिवस वाढत जाते, एक दिवस कपाटातली जागा संपते आणि मशिनी थांबतात. बॅकअपमुळे कारभार बंद पडण्याचा हा अगदी नेहमीचा प्रकार.

फायबरचे समर्थक वेगाचा डिंडिम वाजवतात, पण दहा आणि पंचवीस गिगाबिटांची साधी नेटवर्के आता सर्रास मिळतात. वेगाची ती बढाई पूर्वीइतकी उरलेली नाही. माझ्या मते या वाटेचा मोठा गुण शांतता हा आहे: मशीन आपले काम करते आणि तिची नक्कल तिच्या अंगणात पाऊल न टाकता निघते. अवगुणही त्याच गुणातून येतो.

कोठाराचे मागचे दार उघडले आहे, आणि आत आलेल्याला तिथली लिपी येत नाही. पूर्वी हे काम विंडोजच्या सर्व्हरकडे असे. विंडोजला अनोळखी डिस्क दिसली की ते मोठ्या अदबीने विचारते: ही डिस्क वापरण्यायोग्य करून देऊ का? कुणी झोपेत ‘हो’ म्हटले की ते त्या डिस्कच्या सुरुवातीला स्वतःची सही ठोकते. ती सही वीस-तीस चालू मशिनींच्या सामाईक डिस्कवर पडलेली असते. राखायला आणलेल्या माणसाने घर साफ करताना जुनी कागदपत्रे बंबात घालावीत तसे. म्हणून असा सर्व्हर जोडण्यापूर्वी विंडोजची डिस्क आपोआप उघडण्याची सवय बंद करून घेणे आणि सामाईक डिस्कांना हात न लावण्याचे धोरण लावणे, हा पहिला धडा असतो. तंतू खोचण्याआधीचा, नंतरचा नव्हे. आजची बरीच उपकरणे लिनक्सवर चालतात आणि आतले दरवाजे बंद करूनच येतात. धोका कमी झाला, संपला नाही.

हा धोका कल्पनेतला नाही हे क्योतो विद्यापीठाने पाहिले आहे. तिथली यंत्रणा वेगळी होती, महासंगणकाची. पण प्रश्न तोच. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या बॅकअपच्या प्रोग्रॅमने सुमारे ७७ टेराबाइट संशोधन पुसून टाकले. चौदा संशोधन-गटांच्या जवळपास तीन कोटी चाळीस लाख फायली. त्यांपैकी चार गटांचे काम परत आणता आले नाही. कारण विलक्षण क्षुल्लक आहे. जुन्या नोंदी साफ करण्याची एक आज्ञा त्या प्रोग्रॅममध्ये होती. प्रोग्रॅम चालू असतानाच त्याच्या जागी सुधारलेली आवृत्ती ठेवली गेली. तो ओळीमागून ओळ वाचत जाणाऱ्या जातीचा होता, त्यामुळे मध्येच नवा मजकूर त्याच्यापुढे आला. ‘कुठल्या जागेतल्या नोंदी’ हे सांगणारा शब्द रिकामाच राहिला आणि साफसफाईची आज्ञा खऱ्या फायलींवर चालली. मूळ प्रतीवर लिहिण्या-पुसण्याचा अधिकार नक्कलकाराकडे नसता, तर तीच चूक एका त्रुटीच्या संदेशावर निभावली असती.

म्हणून फायबरच्या वाटेवर एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो अनेक ठिकाणी पाळला जात नाही. कपाटावर नोंद करताना उपकरणाला लन फक्त वाचण्यापुरता द्यावा. नक्कल काढायला वाचणे पुरते. लिहिण्याचा अधिकार मागितला जातो तो परत आणण्याच्या वेळी त्याच वेगवान वाटेने माल आत टाकता यावा म्हणून. वर्षातून एखादे वेळी लागणाऱ्या सोयीसाठी दार ३६५ दिवस उघडे ठेवायचे, असा हा सौदा. परत आणताना नेटवर्कच्या हळू वाटेने आणू, असे ज्यांनी ठरवले त्यांची झोप जास्त शांत असते.

वाचण्यातही फसगत होऊ शकते. रोज सगळा साठा उचलायचा नसतो. काल आणि आज यांत बदललेले ठोकळे तेवढे नेतात. कोणते ठोकळे बदलले याची यादी व्हीएमवेअर स्वतः ठेवते, २००९ पासून. या यादीवर सगळ्या कंपन्यांची उपकरणे विसंबून असतात. २०१४ मध्ये असे उघड झाले की एखाद्या मशीनची डिस्क वाढवून १२८ गिगाबाइटांच्या पुढे नेली, तर ही यादी चुकीची निघू शकते. बदललेले काही ठोकळे यादीत येतच नव्हते. बॅकअप रोज रात्री वेळेवर पुरा होत होता, सकाळी हिरवी खूण येत होती आणि प्रतीत मधली काही पाने जुनीच राहत होती. उपाय म्हणून यादी बंद करून पुन्हा सुरू करावी लागे आणि सगळा साठा पहिल्यापासून उचलावा लागे. तेव्हा ज्यांची वाट रुंद होती त्यांचे ते एका आठवड्यात उरकले.

हे ज्ञान मराठी माणसाला परके नाही. नेटबॅकअप हे या क्षेत्रातले एक जुने नाव. १९८७ मध्ये क्रायस्लर या मोटार कंपनीसाठी केलेल्या कामातून ते निघाले आणि पुढे व्हेरिटासकडे आले. व्हेरिटासचे मोठे संशोधन केंद्र पुण्यात होते. त्याच पुण्यात २००८ मध्ये तिघांनी ‘ड्रुवा’ सुरू केली, त्यांच्यात मिलिंद बोराटे हे एक. ती कंपनी पुढे नेमकी उलट्या दिशेने गेली: उपकरणच नको, सगळे क्लाउडमध्ये. दोन्ही मते एकाच शहरात नांदली, याचे पुणेकरांना नवल वाटू नये.

उपकरणात पोचलेला माल तिथे जसाच्या तसा ठेवत नाहीत. वीस मशिनींवर तेच विंडोज, तीच सॉफ्टवेअरे. एकच मजकूर वीसदा कशाला ठेवायचा? मजकुराचे तुकडे पाडून प्रत्येकाचा ठसा काढतात, आणि तो ठसा आधी आलेला असेल तर तुकडा न ठेवता नुसता हवाला लिहितात. २००१ मध्ये स्थापन झालेल्या डेटा डोमेन या कंपनीने हे तंत्र रूढ केले. २००९ मध्ये दोन बड्या कंपन्यांनी तिच्यासाठी बोली लावली आणि ती सुमारे २१० कोटी डॉलरला विकली गेली. जागेची बचत मोठी असते. किंमत परत आणताना मोजावी लागते: सलग पुस्तक आता हजारो हवाल्यांत विखुरलेले असते आणि ते जुळवत जुळवत वाचायचे असते.

म्हणजे परतीची वाट दोन कारणांनी मंद. हवाले जुळवायचे, आणि लन वाचण्यापुरताच दिला असेल तर नेटवर्कवरून न्यायचे. दहा टेराबाइटांना पुन्हा ते पंचवीस तास. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हीएमवेअरच्या होस्टवर जगभर एकाच वेळी खंडणीखोरांचा हल्ला झाला. हजारो होस्टवरच्या मशिनींच्या फायली कुलूपबंद झाल्या. एवढे तास थांबणे तेव्हा इस्पितळाला किंवा बँकेला परवडत नाही. त्यासाठी अलीकडच्या उपकरणांत एक सोय असते. मशीन कपाटात परत नेण्याची वाट न पाहता ते आपल्याच पोटातली प्रत होस्टपुढे डिस्क म्हणून मांडते. होस्ट तिच्यावरून मशीन चालू करतो. काही मिनिटांत नोंदवही उघडते, रुग्ण दाखल होऊ लागतात. नवे लिखाण वेगळ्या शुद्धिपत्रात जाते, त्यामुळे जतन केलेली प्रत अबाधित राहते. मशीन या काळात रखडत चालते, कारण नकलेच्या कपाटाला मूळ कपाटाचे काम कधी करायचे नव्हते. मग मागच्या बाजूने, चालत्या मशीनखालून, तिचा एकेक ठोकळा उपकरणातून मूळ कपाटाकडे सरकत राहतो, आणि शेवटचा ठोकळा पोचला की उपकरणाकडचा धागा सोडून देतात.